जंगल आज तुटतं, पक्षी नंतर जातात

‘आधी विकास होऊ द्या, पैसा आला की निसर्गाकडे बघू’ हे चांगली शिकलेली माणसंही म्हणतात. याला थोडा आधार आहे. 1990च्या दशकात ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांना दिसलं, की उत्पन्न वाढतं तसं सल्फर डायऑक्साइडसारखं प्रदूषण आधी वाढतं, मग उतरतं. पण धूर थांबला की हवा निवळते. गेलेली प्रजाती परतत नाही.

मला यातलं गणित फार मोलाचं वाटतं. एखाद्या अधिवासातल्या प्रजातींची संख्या ढोबळमानाने त्याच्या क्षेत्रफळाच्या पाव घाताच्या प्रमाणात असते. म्हणजे वर्गमूळ काढा आणि त्याचं पुन्हा वर्गमूळ. जंगल निम्मं झालं, तर 100 पैकी 84 प्रजाती टिकतात. दहावा हिस्सा उरला, तरी 56. त्यामुळे सुरुवातीची तोड फारशी जाणवत नाही आणि उरलेला तुकडा अतिशय मौल्यवान होतो. तोच बहुधा पुढच्या रस्त्याच्या आड येतो.

शिवाय हे 56 लगेच होत नाहीत. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गातून नावाचा तलाव भरला आणि एका टेकडीचा माथा बारो कोलोरॅडो बेट झाला; सुमारे 15 चौरस किलोमीटरचं. 1923 पासून तिथलं जंगल राखलेलं आहे, संशोधनही चालतं. तरीही पुढच्या दशकांत पक्ष्यांच्या कितीतरी जाती तिथून नाहीशा झाल्या. संख्या लहान असली की एक वाईट हंगाम किंवा नर-माद्यांचं बिघडलेलं प्रमाणही पुरतं. बाहेरून भरही पडत नाही: जंगलाच्या आत राहणाऱ्या काही पक्ष्यांना याच तलावावर सोडून पाहिलं, तर त्यांना 100 मीटरही उडवेना. परिसंस्थातज्ज्ञ टिल्मन आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये या उशिरा येणाऱ्या ऱ्हासाला ‘नामशेषतेचं कर्ज’ म्हटलं. श्रीमंत झाल्यावर केलेली मोजणी म्हणूनच फसवी असते. त्यात न फेडलेलं कर्ज दिसत नाही. आयातीमुळे दुसऱ्या देशात तुटलेलं जंगलही दिसत नाही. 2012च्या एका अभ्यासानुसार प्रजातींवरच्या धोक्यांपैकी सुमारे 30 टक्के धोके आंतरराष्ट्रीय व्यापारातून येतात.

2025 मध्ये ‘डायर वुल्फ परत आणला’, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला लांडग्यासारखा प्राणी परत आणला, अशी बातमी गाजली. ते जनुकं बदललेले करडे लांडगे होते. अशा बातम्यांनी नामशेष होणं उलटवता येतं असा समज पसरतो, आणि तो घातक आहे.

कर्ज फिटायला वेळ लागतो, तोच वेळ हाताशी असतो. त्या अवधीत जंगलाचे तुकडे झाडीच्या पट्ट्यांनी जोडले, तर ज्यांना मोकळी जागा ओलांडता येत नाही त्यांनाही पलीकडे जाता येतं.