सौदा आणि पूर्तता : शेअर बाजाराच्या परिभाषेची पार्श्वभूमी

शेअर बाजाराची ओळख करून घेऊ पाहणाऱ्या नवख्या माणसासमोर डीमॅट, मार्जिन, सेटलमेंट, सर्किट, फ्युचर्स, ऑप्शन्स असे शब्द एकदमच येतात. त्यांच्या व्याख्या पाठ होतात, पण त्या सुट्या सुट्या राहतात आणि एका शब्दाचा दुसऱ्याशी काय संबंध आहे हे कळत नाही. मुंबईच्या बाजाराचा इतिहास जवळून पाहिला तर यांतील बहुतेक शब्दांमागे एकच जुनी अडचण असल्याचे दिसते. सौदा ठरतो तो दिवस आणि पैसे व शेअर प्रत्यक्ष हातात पडतात तो दिवस यांच्यात काही अंतर असते. त्या अंतरात भाव फिरला, कोणाचे दिवाळे निघाले किंवा कोणी शब्द मोडला तर नुकसान कोणी सोसायचे? बाजाराची बरीचशी परिभाषा या प्रश्नाला वेळोवेळी दिलेल्या उत्तरांतून तयार झाली आहे.

खुद्द शेअर ही कल्पना या अंतराहून वेगळी आणि जुनी आहे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने सर्वसामान्यांकडून भांडवल गोळा केले आणि तिचे हिस्से ॲमस्टरडॅममध्ये विकले-घेतले जाऊ लागले, तेव्हापासून कंपनीतील वाटा हा स्वतंत्रपणे खरेदी-विक्री करण्याचा माल झाला. भारतात १८५७ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाचे तत्त्व आणले. कंपनी बुडाली तरी भागधारकाचे नुकसान त्याने शेअरसाठी द्यायच्या रकमेपुरतेच राहील, त्याच्या घरादारापर्यंत पोचणार नाही, ही हमी मिळाल्याशिवाय अनोळखी माणसांच्या धंद्यात पैसे घालायला सामान्य मनुष्य धजावला नसता. नवशिक्यांना हे तत्त्व सहसा शेवटी शिकवले जाते. माझ्या मते ते सर्वांत आधी शिकवायला हवे.

मुंबईत त्या काळी दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडांखाली जमत असत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी भारतीय कापसाला मागतील ते दाम मोजले. हा पैसा मुंबईत आला आणि त्यातून बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या निघाल्या. दलाल प्रेमचंद रायचंद हे या काळातील सर्वांत मोठे नाव. सौदे मोठ्या प्रमाणावर वायद्याचे होते, म्हणजे आज भाव ठरवायचा आणि पैसे व शेअर काही महिन्यांनी द्यायचे. हातात रोकड नसलेला मनुष्यही त्यामुळे खरेदीदार होऊ शकला आणि भाव चढत होते तोपर्यंत कोणाला काही वावगे वाटले नाही. युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी, शेकडो वायद्यांची मुदत भरली त्या दिवशी, पैसे देणारे आणि शेअर सोपवणारे दोघेही हात वर करून मोकळे झाले. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला.

या पडझडीतून उरलेल्या दलालांनी १८७४ च्या सुमारास आज दलाल स्ट्रीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर बस्तान बसवले आणि ९ जुलै १८७५ रोजी नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन ही संस्था औपचारिकपणे स्थापन केली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार झाली. सभासदाने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे आणि न पाळल्यास त्याला बाजाराबाहेर काढता यावे, हा या संघटनेचा गाभा होता. रिंगणात उभे राहून दलाल आरोळ्या देत, हाताच्या खुणांनी भाव आणि नग सांगत आणि झालेला सौदा जवळच्या छोट्या वहीत टिपून घेत. संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळवल्या जात. ज्या जुळत नसत त्यांना ‘वांधा’ म्हणत, आणि तो दुसऱ्या दिवशी समजुतीने मिटवावा लागे. लेखी पुरावा इतका तुटपुंजा असूनही एवढा मोठा व्यवहार चालला, हे त्या जुन्या बाजाराचे खरोखर मोठेपण आहे.

या पद्धतीत सौद्यांचा हिशेब रोजच्या रोज होत नसे. ठरावीक कालावधीतील सर्व सौदे एकत्र करून, खरेदी-विक्रीची वजावट होऊन उरलेल्या नगांचेच पैसे आणि कागद द्यायचे असत. त्या कालावधीलाच सेटलमेंट म्हणत. ‘बदला’ ही या बाजाराची खास देशी व्यवस्था याच मुदतीशी जोडलेली होती. समजा एखाद्याने २०० रुपये भावाने एक हजार शेअर घेतले, म्हणजे दोन लाखांचा सौदा केला, पण मुदत संपताना त्याच्याकडे पैसे नाहीत किंवा भाव आणखी चढेल असे त्याला वाटते. शनिवारी बदल्याचे सत्र भरे. त्या वेळी हिशेबासाठी एक प्रमाण भाव ठरे, त्याला हवाला भाव म्हणत. तो २१० निघाला तर या माणसाचा जुना सौदा २१० ला मिटला असे धरून त्याला फरकाचे दहा हजार मिळत आणि त्याच २१० च्या भावाने पुढच्या मुदतीसाठी नवा सौदा मांडला जाई. दरम्यान विकणाऱ्याला पैसे हवेच असत. ते २ लाख १० हजार रुपये बदला फायनान्सर भरत असे आणि त्याबद्दल व्याज घेत असे. वार्षिक २० टक्के दर धरला तर चौदा दिवसांचे ते सुमारे १,६०० रुपये होत. पुढच्या खेपेस हवाला भाव १९० निघाला तर मात्र त्याच माणसाला फरकाचे वीस हजार रोख भरावे लागत. उलट, शेअरचीच टंचाई असेल आणि विकणाऱ्यांना तो सोपवता येत नसेल, तर तेजीवाल्याऐवजी (भाव चढेल म्हणून खरेदी करणाऱ्याऐवजी) मंदीवाल्याला (भाव पडेल म्हणून विकणाऱ्याला) भुर्दंड पडे. त्याला उंधा बदला म्हणत.

बदल्याने बाजाराला उलाढाल दिली, पण सौदा आणि पूर्तता यांतले अंतर त्याने मुदतीमागून मुदत ताणले. जून १९६९ मध्ये सरकारने वायदे सौद्यांवर बंदी घातली, तरी बाजाराने पुढे ढकलण्याच्या वाटा शोधल्या आणि १९८३ मध्ये ठरावीक शेअर्ससाठी ही सवय रीतसर मान्य झाली. डिसेंबर १९९३ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, पुन्हा बंदी घातली आणि काही वर्षांतच बंधनांसह परवानगी दिली. ही ये-जा पाहता, केवळ बंदीने ही गरज संपत नाही, हे नियामकाला उमजायला बराच काळ गेला असे म्हणावे लागते.

मधल्या काळातील दोन शब्दांचा येथे उल्लेख पुरेसा आहे. पहिला शब्द आयपीओ, म्हणजे कंपनीने लोकांना पहिल्यांदाच शेअर विक्रीस काढणे. १९४७ च्या भांडवल उभारणी नियंत्रण कायद्यानुसार नव्या शेअरची किंमत सरकारी नियंत्रक ठरवत असे आणि ती बाजारभावाच्या मानाने बहुधा कमी असे. त्यामुळे वितरणात शेअर लागणे म्हणजे हमखास फायदा, अशी मध्यमवर्गाची समजूत रूढ झाली. १९९२ मध्ये हे पद रद्द होऊन किंमत ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले, तरी आयपीओबद्दलची ती समजूत अजून पुसलेली नाही. दुसरा शब्द सेन्सेक्स. मुंबई शेअर बाजारातील तीस कंपन्यांच्या भावांची एकत्रित चाल दाखवणारा हा निर्देशांक १९८६ मध्ये सुरू झाला. १९७८-७९ हे वर्ष शंभर धरून तो मोजला जातो आणि सप्टेंबर २००३ पासून त्यात प्रवर्तकांकडचे, म्हणजे कंपनी उभारणाऱ्यांकडचे, शेअर वगळून, बाजारात फिरू शकणाऱ्या शेअर्सनुसारच कंपनीचे वजन धरतात.

एप्रिल १९९२ मध्ये शेअर दलाल हर्षद मेहता याचे गैरव्यवहाराचे प्रकरण उघड झाले. बँकांमधील रोखे व्यवहारांतला पैसा पूर्ततेच्या फटीतून शेअर बाजारात आला होता आणि २८ एप्रिलला सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के घसरला. सेबीला याच वर्षी वैधानिक अधिकार मिळाले होते. पुढे नॅशनल स्टॉक एक्स्चेंज (एनएसई) हा नवा बाजार उभा राहिला आणि ३ नोव्हेंबर १९९४ पासून तिथे संगणकाच्या पडद्यावर शेअर्सचे सौदे होऊ लागले. मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारही पडद्यावर आला. आरोळ्या थांबल्या आणि वांधाही संपला. पण त्याहून मोठा बदल कमी दिसणारा होता. एप्रिल १९९६ मध्ये एनएसईच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनने काम सुरू केले. सौदा होताच ही संस्था दोघांच्या मध्ये उभी राहते, विकणाऱ्यासाठी खरेदीदार आणि खरेदीदारासाठी विक्रेता होते आणि समोरच्याने हात वर केले तरी पूर्ततेची हमी देते. आपल्याकडून आगाऊ घेतले जाणारे मार्जिन हे त्या हमीचे तारण असते. मार्जिन म्हणजे दलालाने लावलेली एक कटकट असे ज्यांना वाटते, त्यांनी १८६५ चा जुलै आठवावा.

पैशांची हमी मिळाली तरी शेअरचा कागद हा अडथळा होताच. खरेदीदाराला शेअर प्रमाणपत्रासोबत सही केलेला ट्रान्सफर फॉर्म मिळे. त्यावर मुद्रांक लावून तो कंपनीकडे पाठवायचा आणि नाव चढून येण्याची वाट पाहायची. सही जुळत नसल्याचा शेरा मारून तो परत येणे ही नेहमीची गोष्ट होती. त्याला बॅड डिलिव्हरी म्हणत. चोरीची आणि बनावट प्रमाणपत्रेही बाजारात फिरत. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर त्याच नोव्हेंबरमध्ये एनएसडीएल आणि १९९९ मध्ये सीडीएसएल ही शेअर्सची खाती सांभाळणारी संस्था सुरू झाली, कागदाची जागा खात्यातील नोंदीने घेतली. यालाच डीमॅट म्हणतात. डीमॅट नसते तर पुढची कोणतीही सुधारणा शक्य झाली नसती.

ती सुधारणा शेअर दलाल केतन पारेख याच्या गैरव्यवहाराच्या प्रकरणाच्या धक्क्याने आली. मार्च २००१ मध्ये कलकत्ता शेअर बाजारात पूर्ततेचा पेच निर्माण झाला आणि जुलैपासून बदला कायमचा बंद झाला. तोवर मुंबई बाजाराचा आठवडा सोमवारी, तर एनएसईचा बुधवारी सुरू होई आणि एका बाजारातली उधारी दुसऱ्यात सरकवता येत असे. त्याऐवजी प्रत्येक दिवसाच्या सौद्यांची पूर्तता स्वतंत्रपणे ठरावीक दिवसांनी होऊ लागली: आधी टी अधिक पाच, एप्रिल २००२ मध्ये टी अधिक तीन, एप्रिल २००३ मध्ये टी अधिक दोन आणि २७ जानेवारी २०२३ पर्यंत सर्व शेअर्ससाठी टी अधिक एक. यातला टी म्हणजे सौद्याचा दिवस. निर्देशांक १०, १५ किंवा २० टक्क्यांनी हलला की संपूर्ण बाजार थांबवणारे सर्किट ब्रेकरही जुलै २००१ चेच. १७ मे २००४ आणि २३ मार्च २०२० रोजी त्यांनी बाजार खरोखर थांबवला.

उधारीवर मोठा सौदा करण्याची जी ओढ बदल्यात होती, ती फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये गेली. फ्युचर्स म्हणजे ठरलेल्या तारखेला आज ठरलेल्या भावाने खरेदी-विक्री करण्याचा करार, तर ऑप्शन्समध्ये एका बाजूला तसे करण्याचा हक्क असतो, बंधन नसते. निर्देशांकाचे फ्युचर्स जून २००० मध्ये, निर्देशांकाचे ऑप्शन्स जून २००१ मध्ये, स्वतंत्र शेअर्सवरचे ऑप्शन्स बदला बंद झाला त्याच महिन्यात आणि शेअर्सचे फ्युचर्स नोव्हेंबरमध्ये आले. फरक असा की येथे मुदत आधीच ठरलेली असते, नफा-तोट्याचा हिशेब रोज होतो आणि मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभे असते. व्यवस्था म्हणून हे बदल्यापेक्षा निःसंशय सुरक्षित आहे. पण बाजार सुरक्षित आहे याचा अर्थ त्यातला मनुष्य सुरक्षित आहे असा होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या प्रकारात उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाल्याचे आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक असल्याचे आढळले. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या एका कराराचे किमान मूल्य १५ लाख रुपये करण्यात आले आणि साप्ताहिक मुदतीचे करार प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकापुरते मर्यादित झाले. त्याच वर्षी २८ मार्चपासून, मोजक्या २५ शेअर्ससाठी, सौद्याच्या दिवशीच पूर्तता करण्याचा ऐच्छिक प्रयोगही सुरू झाला होता.