चिरनेर हुतात्मा स्मृतिदिन

रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात दरवर्षी 25 सप्टेंबरला पाळला जाणारा स्मृतिदिन. 1930 साली याच तारखेला चिरनेर गावाजवळच्या आक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. त्या दिवशीच्या पोलीस गोळीबारात तालुक्यातील आठ जणांना वीरमरण आले. चिरनेरच्या हुतात्मा स्मृतिस्तंभापाशी मुख्य कार्यक्रम होतो, पण हा दिवस एकट्या चिरनेरचा नाही.

1930 च्या मार्च-एप्रिलमध्ये मिठाच्या सत्याग्रहाने सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. पावसाळा लागला तसे मीठ पिकवणे थांबले आणि महाराष्ट्रात चळवळ जंगलाकडे वळली. पुसद, संगमनेर, बागलाण, बिळाशी अशा अनेक ठिकाणी लोकांनी जंगल कायदा मोडला. उरणच्या लोकांना हा कायदा कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा, तर झाडांचा टहाळ आणि पालापाचोळा हवा. चुलीला लाकूड हवे, गुरांना चराई हवी. डोंगरातल्या कातकऱ्यांचे तर पोटच रानावर. सरकारी राखीव जंगलात यातले काहीही परवानगीवाचून आणले की तो गुन्हा ठरे. चळवळीची घोषणा राष्ट्रीय होती, पण कोयता उचलणाऱ्या हाताला रोजची अडचण ठाऊक होती. चिरनेरचा इतिहास सांगताना ही बाजू पुष्कळदा दोन वाक्यांत उरकली जाते. खरे तर तिथूनच सांगायला सुरुवात व्हायला हवी.

25 सप्टेंबरला आजूबाजूच्या गावांतून आगरी, कोळी, कातकरी असे सगळे लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन लाकूडतोडीसाठी डोंगरावर जमले. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांनी गोळ्या चालवल्या. मामलेदार जोशी हेही त्या दिवशी मृत्यू पावले. पुढे अनेक सत्याग्रहींवर खटले चालले.

हुतात्म्यांची नावे त्यांच्या गावांसह घेण्याची रीत आहे: धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी (चिरनेर), रामा बामा कोळी (मोठी जुई), आनंदा माया पाटील (धाकटी जुई), रघुनाथ मोरेश्वर न्हावी (कोप्रोली), परशुराम रामा पाटील (पाणदिवे), हसुराम बुधाजी पाटील (खोपटे), आलू बेमट्या म्हात्रे (दिघोडे). आठ माणसे आणि सात गावे. या यादीत पुढारी म्हणून नाव असलेला एकही माणूस नाही. शेतकरी, कोळी, न्हावी, आदिवासी अशी गावात असतात तीच माणसे इथे एका ओळीत आली आहेत. स्मृतिदिन नव्वदहून अधिक वर्षे टिकला याचे मोठे कारण हेच असावे. ज्या गावाचा माणूस गेला त्या गावाला तो आपला वाटतो.

स्मृतिदिनी स्तंभावर पुष्पचक्र वाहिले जाते. पोलीस पथक बंदुकीच्या फैरी हवेत झाडून मानवंदना देते. ज्या डोंगरावर पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडली, त्याच्याच पायथ्याशी आज पोलीसच ही सलामी देतात, आणि जमलेल्यांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. हुतात्म्यांच्या वारसांचा सत्कार होतो, लोकप्रतिनिधींची भाषणे होतात, शाळांची मुले येतात. हुतात्म्यांच्या आपापल्या गावीही अभिवादन केले जाते. चिरनेरमध्ये महागणपतीचे जुने देऊळ आहे. त्याच्या गजावर गोळीची खूण दाखवतात, आणि बाहेरून आलेल्याला गावकरी आवर्जून तिथे नेतात. मुलांना इतिहास कळायला अशी एक खूण पुष्कळ उपयोगी पडते.

उरण तालुक्यात असाच दुसरा स्मृतिदिन जानेवारीत असतो. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाने केलेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. 16 जानेवारी 1984 ला दास्तान फाटा आणि 17 जानेवारीला नवघर फाटा येथे पोलीस गोळीबार झाला. चिर्ल्याचा एक, धुतूमचा एक आणि पागोट्याचे तीन असे पाच शेतकरी हुतात्मे झाले. प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणारी ‘साडेबारा टक्के’ योजना ही या लढ्याची कमाई. 1930 चा प्रश्न रानावरच्या हक्काचा होता, 1984 चा शेतजमिनीच्या मोबदल्याचा, आणि गोळीबार झाला तेव्हा सरकार आपलेच होते. या दोन्ही दिवसांचा एकत्र अभ्यास व्हायला हवा. जासई आणि पागोटे येथे जानेवारीतील अभिवादन सभा भरतात. जासई हे दि. बां.चे मूळ गाव.