हरिणी परत का आली?

महाशिवरात्रीला सांगितली जाणारी व्याधाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या नाहीतर कीर्तनकाराच्या तोंडून ऐकलेली असते. श्रीधरांनी १७१८ साली बारामतीत लिहिलेल्या 'शिवलीलामृता'च्या दुसऱ्या अध्यायात ती चांगली ऐसपैस येते. शिकार न मिळालेला व्याध तळ्याकाठच्या बेलावर दबा धरून बसलाय. घरी बायकोपोरं उपाशी आहेत. रात्री पाण्यावर एक गरोदर हरिणी येते आणि तो धनुष्याला बाण लावतो. ती म्हणते, बाळंत होऊन, पाडस कुणाच्या तरी हवाली करून मी परत येते, मग खुशाल मार. व्याधाला हे पटत नाही. मग ती शपथ घेते. आले नाही तर मला अमक्या पापाचं फळ मिळो, तमक्या पापाचं मिळो, अशी पापांची लांबलचक यादीच ती म्हणून दाखवते. व्याध बाण खाली घेतो. रात्रभरात कळपातली आणखी हरणं येतात, प्रत्येकाची काही ना काही अडचण असते आणि प्रत्येकाला तो सोडतो. पहाटे सगळी परत येतात आणि 'आधी मला मार' म्हणून आपसांत भांडू लागतात. व्याधाचा हात चालत नाही. शिकार कायमची सुटते.

कीर्तनकार याचं श्रेय बेलाच्या पानांना देतात. व्याधाच्या हातून नकळत पानं खालच्या शिवलिंगावर पडत गेली, उपास घडला, जागरण घडलं आणि प्रहराप्रहराला पाप झडत गेलं. गोष्टीच्या धर्माने ते बरोबरच आहे. पण पानं बाजूला ठेवली तरी गोष्ट उभी राहते, आणि हरिणीची शपथ काढून टाकली तर ती कोसळते. म्हणजे गोष्टीचा भार तिथे आहे. एका पात्राने दुसऱ्यावर विश्वास टाकला आणि त्यातून दोघांपैकी एक बदलला, हा कथेतला फार जुना सांधा आहे. गेल्या तीसेक वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी आणि मेंदूच्या अभ्यासकांनी नेमका हाच प्रसंग प्रयोगशाळेत मांडून पाहिलाय.

त्यांची मांडणी अगदी कोरडी आहे. १९९५ साली जॉइस बर्ग, जॉन डिकहॉट आणि केव्हिन मॅककेब यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन खोल्यांत अनोळखी माणसं बसवली. प्रत्येकाला दहा डॉलर दिले. पहिल्या खोलीतल्या माणसाने हवे तेवढे पैसे दुसऱ्या खोलीतल्या कुणाला तरी पाठवायचे. वाटेत ती रक्कम तिप्पट होते. दुसऱ्याने त्यातले हवे तेवढे परत करायचे, किंवा काहीच करायचे नाहीत. नावं कुणालाच कळत नाहीत, पुन्हा भेट होणार नाही, तक्रार करायला जागा नाही. गणित सरळ आहे. दुसऱ्याने काहीही परत करायचं कारण नाही, हे पहिल्याला कळतं, म्हणून त्याने काहीही पाठवू नये. व्याधाचं गणितही हेच होतं. पाडसं घेऊन जंगलात गेलेली हरिणी मरायला परत कशाला येईल?

प्रत्यक्षात ३२ जणांपैकी ३० जणांनी काही ना काही पाठवलं. सरासरी निम्म्याच्या थोडी वर, ५ डॉलर १६ सेंट. पुढे हा प्रयोग जगभर इतक्या वेळा झाला की २०११ साली अशा १६२ प्रयोगांचा एकत्रित हिशोब काढता आला. त्यात २३ हजारांहून जास्त माणसं होती. पाठवणारे साधारण निम्मी रक्कम पाठवतात आणि घेणारे हाती आलेल्या रकमेतला ३७ टक्क्यांच्या आसपास भाग परत करतात. तिप्पट झालेल्या रकमेचे ३७ टक्के म्हणजे पाठवणाऱ्याला मूळ रकमेहून जेमतेम थोडं जास्त मिळालं. म्हणजे सरासरीवर विश्वास टाकणारा बुडत नाही, पण श्रीमंतही होत नाही. आणि ही सरासरी आहे. एक पैसा परत न करणारे प्रत्येक प्रयोगात असतातच. ते नसते तर गोष्ट लिहायला काही उरलंच नसतं.

आता झाडावरच्या व्याधाकडे पुन्हा बघू. उपाशी राहण्याचा धोका त्याला नवा नाही. शिकार हुकते, पाऊस येतो, बाण चुकतो, हे त्याचं रोजचं आहे. पण हरिणीला सोडून ती आली नाही तर ते दुखणं वेगळं. आयरिस बोनेट आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी २००४ साली हा फरक मोजला. तोटा तेवढाच, फायदा तेवढाच. एकदा निकाल निव्वळ नशिबावर ठेवला, एकदा दुसऱ्या माणसाच्या मर्जीवर. किती शक्यता असेल तर तुम्ही हा डाव खेळाल, असं विचारल्यावर माणसाच्या बाबतीत लोकांनी बरीच जास्त खात्री मागितली. नंतर ब्राझील, चीन, ओमान, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान आणि अमेरिका अशा सहा देशांत हीच चाचणी घेतली, तेव्हाही कल तोच निघाला. पैसे गेल्याचं दुःख वेगळं आणि फसवलं गेल्याचं वेगळं. म्हणून व्याध बाण खाली घेतो तेव्हा ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. त्याने फक्त जेवण पणाला लावलेलं नाही, उद्या सकाळी स्वतःच्या नजरेत मूर्ख ठरण्याची शक्यताही पत्करली आहे.

आणि ती शपथांची यादी? लहानपणी मला ती कंटाळवाणी वाटायची. आता वाटतं, गोष्टीतला सगळ्यात हुशार भाग तोच आहे. शपथेला खर्च येत नाही. अर्थशास्त्राच्या हिशोबाने ती फुकाची बडबड, तिने काहीच बदलायला नको. गॅरी चार्नेस आणि मार्टिन डुफवेनबर्ग यांनी २००६ साली अशाच एका खेळात एका खेळाडूला आधी दुसऱ्याला चिठ्ठी लिहू दिली. वचन मोडलं तरी शिक्षा काही नव्हती. तरी ज्यांनी स्वतःहून वचन लिहून दिलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी ते पाळलं, आणि चिठ्ठी घेणाऱ्यानेही त्यावर भरवसा ठेवला. त्यांचा अंदाज असा, की समोरचा आपल्याकडून काय अपेक्षा धरून बसलाय हे कळल्यावर ती मोडताना अपराधी वाटतं. खरी गंमत पुढच्या प्रयोगात आहे. २०१० साली त्यांनी मोकळ्या चिठ्ठीऐवजी छापील वाक्य दिलं, 'मी वचन देतो' असं, ते फक्त पाठवायचं. त्याचा परिणाम स्वतःच्या शब्दांतल्या चिठ्ठीच्या जवळपासही गेला नाही. हरिणी एकेक पाप स्वतःच्या तोंडाने उच्चारते, ते उगाच नाही. नुसतं 'येते हं' म्हणून ती निघाली असती तर व्याधाने सोडलं नसतं, आणि आपल्यालाही पटलं नसतं.

मग बदल नेमका कुठे होतो? २००५ साली ब्रुक्स किंग-कासास, रीड माँटेग्यू आणि सहकाऱ्यांनी हाच पैशांचा खेळ सलग दहा फेऱ्या खेळायला लावला. दोन्ही खेळाडूंचे मेंदू एकाच वेळी स्कॅनरखाली होते. पैसे घेणाऱ्याच्या मेंदूत पुच्छकेंद्र नावाचा एक खोलवरचा भाग आहे, बक्षीस आणि त्यातून होणारं शिकणं याच्याशी संबंधित. विश्वासाचं उत्तर विश्वासाने द्यायचं मनात आलं की तिथे हालचाल दिसायची. सुरुवातीच्या फेऱ्यांत ती समोरच्याने किती पाठवलं हे पाहिल्यानंतर यायची. शेवटच्या फेऱ्यांत तीच हालचाल सुमारे १४ सेकंद अलीकडे सरकली, समोरच्याने काय केलं हे दिसायच्याही आधी. समोरच्याचा अंदाज मनात पक्का झाला होता. व्याधाने एका रात्रीत एकामागून एक हरणं सोडली, ते या मोजमापाच्या शेजारी ठेवून बघावंसं वाटतं. दुसऱ्या हरणाच्या वेळी पहिली हरिणी अजून परत यायची होती. म्हणजे तोपर्यंतचा सगळा विश्वास उधारीवर होता, आणि पहाटे तो एकदम वसूल झाला. (आकाशात मात्र मृग नक्षत्राच्या मागे व्याधाचा तारा अजून लागलेलाच आहे, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. नक्षत्रांपर्यंत ही बातमी पोचलेली दिसत नाही.)

व्याधाच्या गोष्टीत विश्वास टाकणारा बदलतो. उलट दिशेचा प्रसंग पाहायचा तर व्हिक्टर ह्युगोच्या १८६२ सालच्या 'ले मिझेराब्ल' या कादंबरीकडे जावं लागतं. पाव चोरल्याबद्दल सुरू झालेली आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांनी वाढत गेलेली १९ वर्षांची सक्तमजुरी भोगून जाँ व्हालजाँ सुटतो. कुणी त्याला थारा देत नाही. दीन्य गावचा बिशप देतो, आणि रात्री व्हालजाँ त्याचीच चांदीची भांडी घेऊन पळतो. सकाळी शिपाई त्याला मानगूट धरून परत आणतात. बिशप म्हणतो, अरे, मेणबत्त्यांची चांदीची घरंही मी तुला दिली होती की, ती का नाही नेलीस? शिपाई निघून जातात.

हा प्रसंग दयेचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते दया इथे दुय्यम आहे, शिपाई महत्त्वाचे. अर्न्स्ट फेर आणि बेटिना रॉकेनबाख यांचा २००३ सालचा प्रयोग वाचल्यावर हे चटकन लक्षात येतं. खेळ तोच, पण पाठवणाऱ्याला एक हत्यार दिलं. परत किती हवं ते आधी सांगायचं आणि कमी आलं तर दंड लावायची धमकी द्यायची, हवी असेल तर. ज्यांनी दंडाची धमकी दिली, त्यांच्या पदरात सगळ्यात कमी पडलं. ज्यांच्याकडे दंडाची सोयच नव्हती, त्यांना त्याहून जास्त मिळालं. आणि सगळ्यात जास्त मिळालं ते हातात दंड असून तो बाजूला ठेवणाऱ्यांना. समोरच्याला दिसत होतं की याला धमकावता आलं असतं, तरी याने धमकावलं नाही. बिशपच्या अंगणात शिपाई हजर नसते, तर ती मेणबत्त्यांची घरं म्हणजे एका भोळ्या म्हाताऱ्याची भेट झाली असती. शिपाई आहेत, एक शब्द पुरेसा आहे, आणि तो शब्द बिशप उच्चारत नाही, एवढ्यावर पुढची जाडजूड कादंबरी उभी आहे.

ह्युगोची पकड त्याच्या पुढच्या पानांत आणखी दिसते. एवढं होऊनही व्हालजाँ लगेच सुधारत नाही. गावाबाहेर एका लहान पोराचं चाळीस सूचं नाणं घरंगळत येतं आणि हा त्यावर पाय ठेवतो. पोरगं रडतं, विनवतं, शेवटी घाबरून पळतं. पोरगं दिसेनासं झाल्यावर याला नाणं दिसतं, आणि मग तो खऱ्या अर्थाने मोडतो. प्रयोगशाळेतला परिणाम काही टक्क्यांचा असतो आणि त्या दुपारपुरता असतो. त्यावरून आयुष्य पालटतं असं कुणी म्हणू नये. ह्युगोलाही ते एका झटक्यात पटलेलं नाही, म्हणून त्याने मध्ये ही नीच चोरी घातली.

या विषयावर लिहिताना ऑक्सिटोसिनचं नाव घेतलं नाही तर वाचक विचारतात, म्हणून थोडक्यात. २००५ साली नाकात या संप्रेरकाचा फवारा मारलेल्या लोकांनी जास्त पैसे पाठवले, असा निष्कर्ष गाजला. नंतरच्या मोठ्या फेरतपासण्यांत तो टिकला नाही. 'विश्वासाचं संप्रेरक' हा शब्दप्रयोग तेवढा मागे राहिलाय.

त्यापेक्षा डेल्गाडो, फ्रँक आणि फेल्प्स यांचा २००५ सालचा प्रयोग कथा लिहिणाऱ्याच्या जास्त कामाचा आहे, कारण त्यात पात्रं चक्क काल्पनिक होती. खेळाआधी तीन जोडीदारांची छोटी चरित्रं वाचायला दिली, एक सज्जन, एक नाठाळ, एक साधा. प्रत्यक्षात तिघंही सारख्याच प्रमाणात, निम्म्या वेळा पैसे परत करत होते. तरी लोक शेवटपर्यंत सज्जनावर जास्त पैसे लावत राहिले. साध्या जोडीदाराच्या वेळी पुच्छकेंद्र प्रत्येक फेरीतून शिकत होतं, आज याने दिले, आज बुडवले. सज्जनाच्या वेळी हा फरक जवळजवळ पुसला गेला होता. आधी सांगितलेली गोष्ट डोळ्यांपुढच्या पुराव्याला पुरून उरली. रहस्यकथेतला साळसूद डॉक्टर शेवटच्या प्रकरणापर्यंत सुटतो तो याच जोरावर. लेखकाने पहिल्या दहा पानांत त्याला गरिबांना फुकट औषध देताना दाखवलेलं असतं, आणि नंतर त्याचा प्रत्येक खोटेपणा आपण त्या खात्यातून वळता करून घेतो.

आपल्या संध्याकाळच्या मालिकांत हा विश्वास रोज तुटतो आणि रोज जुळतो, पण कुणी बदलत नाही. नायिका दाराआडून अर्धं वाक्य ऐकते आणि तीनशे भाग रुसते. तिने नवऱ्यावर विश्वास टाकताना पणाला काय लावलं होतं हे आपल्याला कधी दाखवलेलंच नसतं. घर, पैसा, माहेरचा आधार, सगळं जागच्या जागी असतं. शिवाय गैरसमज दूर करायला दोन मिनिटांचं बोलणं पुरेसं असतं आणि ते कुणी बोलत नाही. हरिणी पाण्यावर आली तेव्हा व्याधाच्या घरची चूल विझलेली होती, हे श्रीधरांनी आधी सांगून ठेवलं होतं.