दुसरा डोस राहिला, मग काय?

हिपॅटायटिस एच्या लसीचं कार्ड उघडलं की पहिल्या डोससमोर तारीख असते आणि दुसऱ्यासमोर बऱ्याचदा मोकळी जागा. लहान मुलाचा डोस चुकला तर आजी आठवण करते, चाळिशीच्या माणसाला कोण करणार? मग वर्ष-दीड वर्षानं कार्ड हाती लागतं आणि प्रश्न पडतो, आता परत पहिल्यापासून सुरुवात करायची का?

नाही. राहिलेला तेवढा घ्यायचा. पहिला डोस बाद होत नाही.

हिपॅटायटिस ए ही विषाणूमुळे होणारी कावीळ पाण्यातून आणि अन्नातून पसरते. सांगलीत २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना गटार आणि पिण्याचं पाणी एक व्हायला किती वेळ लागतो हे सांगायला नको. पाणी उकळलं की विषाणू मरतो, बर्फात मात्र मजेत टिकतो. उसाच्या रसात पडणारा बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कोण विचारतं? शिवाय डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत रुग्ण सर्वांत जास्त विषाणू बाहेर टाकत असतो, म्हणजे घरच्यांना कळेपर्यंत व्हायचं ते झालेलं असतं. बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात आणि श्रेय गळ्यातल्या मुळ्यांच्या माळेला जातं, ते निराळं.

सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना हा संसर्ग होऊन गेल्याचं कळतही नाही. मोठेपणी झाला तर दहातल्या सातांना तरी कावीळ होते, क्वचित यकृत निकामीही होतं. नदीचं, आडाचं पाणी पिऊन वाढलेल्या पिढीतल्या अनेकांना लहानपणीच नकळत जन्माचं संरक्षण मिळालं. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेला त्यांचा मुलगा होस्टेलच्या मेसमध्ये जेवायला बसतो तो कोराच. त्यामुळे वयानं मोठ्या माणसानं लस घेण्याआधी रक्तातली हिपॅटायटिस एविरुद्धची आयजीजी अँटीबॉडी, म्हणजे आधी होऊन गेलेल्या संसर्गाची खूण, तपासून घेणं बरं. असेल तर लसीची गरजच नाही.

मोठ्यांसाठीची निष्क्रिय विषाणूची लस सुरुवातीला ७२० एककांची होती आणि ० , १ , ६ महिने अशी तीनदा घ्यावी लागे. पुढे एका सुईतलं प्रमाण दुप्पट, म्हणजे १४४० एकक केलं आणि दोन डोसांत काम भागलं; दुसरा सहा ते बारा महिन्यांनी. आता सहा बरे की बारा? बेल्जियममध्ये निरोगी प्रौढांच्या एका गटाला ० आणि ६, दुसऱ्याला ० आणि १२ महिन्यांनी डोस दिले आणि त्यांचं रक्त वर्षानुवर्षं तपासलं. वीस वर्षांनंतरही तपासणीला आलेल्यांपैकी ९७ टक्क्यांहून जास्त लोकांत, दोन्ही गटांत, अँटीबॉडी टिकून होत्या. अशा अभ्यासात माणसं निरोगी घेतात कारण कमकुवत प्रतिकारशक्तीचे लोक मिसळले तर फरक वेळापत्रकाचा की आजाराचा, हे सांगता येत नाही. म्हणून हे आकडे डायलिसिसवरच्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाला जसेच्या तसे लावू नयेत.

पहिल्या डोसनंतर महिनाभरात ९५ टक्क्यांहून जास्त निरोगी प्रौढांत संरक्षणापुरत्या अँटीबॉडी तयार होतात. मग दुसरा कशाला? तर पातळीसाठी. पहिल्यानंतर अँटीबॉडी शेकड्यांत मोजल्या जातात, दुसऱ्यानंतर हजारांत. यामागं लसिकाग्रंथींमध्ये चाललेली एक तालीमच असते. विषाणूच्या तुकड्याला अँटीबॉडी बनवणाऱ्या ज्या बी पेशी घट्ट पकडतात त्या टिकतात, ढिल्या पकडीच्या बाहेर पडतात. ही निवड कित्येक महिने चालते, म्हणून दुसरा डोस घाईनं, सहा महिन्यांच्या आत घेण्यात अर्थ नाही. उशिराचं मात्र तसं नाही. विषाणू लक्षात ठेवणाऱ्या स्मरणपेशी तयार होऊन बसलेल्या असतात. चार ते आठ वर्षं उशिरा दुसरा डोस घेतलेल्या प्रवाशांतही अँटीबॉडी तशाच झपाट्यानं वाढल्या.

अर्जेंटिनानं तर २००५ पासून वर्षाच्या बाळांना एकच डोस द्यायला सुरुवात केली आणि तिथं ही कावीळ झपाट्यानं खाली आली. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२२ मध्ये एका डोसचा पर्याय मान्य केला. तरी माझं मत असं की सरकारला लाखो मुलांचा खर्च बघायचा असतो, एकट्या माणसाला आपलं यकृत. दुसरा घेता येत असेल तर घ्यावा.

ए आणि बी अशी एकत्र लस घेतली असेल तर मात्र हिशेब बदलतो. तिच्यात एचं प्रमाण निम्मं, ७२० एकक असतं, म्हणून ० , १ , ६ महिने असे तीन डोस लागतात. एक घेऊन ‘झालं’ म्हणून चालत नाही. कार्डावर कुठली लस लिहिली आहे ते आधी बघा. आणि यांतली कुठलीही लस हिपॅटायटिस ईपासून वाचवत नाही. पाण्यातून येणारी मोठ्यांची कावीळ आपल्याकडे बऱ्याचदा तीच असते, गरोदर बाईला ती जास्त घातक.

घरात कुणाला हिपॅटायटिस ए निघालाच, तर बाकीच्यांनी संपर्कापासून चौदा दिवसांच्या आत लस घ्यावी. कझाकस्तानात अल्माटीमध्ये चाळिशीपर्यंतच्या लोकांत हे तपासलं गेलं. लस घेतलेल्यांत ४.४ टक्के आजारी पडले, इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन घेतलेल्यांत ३.३ टक्के. फरक इतका थोडा असल्यानं निरोगी माणसाला लसच देतात, कारण तिचं संरक्षण पुढंही राहतं. तो पहिला डोसच धरायचा, दुसरा सहा महिन्यांनी.