‘हा फोन तापते का?’ नवा मोबाईल घेण्याआधी हे वाचा

मार्च संपत आला की आमच्या काउंटरवर किमतीच्याही आधी हा प्रश्न येतो. कोणी यूट्यूबवर पाहिलेलं असतं की अमक्या प्रोसेसरचा, म्हणजे फोनचं सगळं काम हाकणाऱ्या मुख्य चिपचा, फोन फार गरम होतो. कोणाच्या पुण्यातल्या मुलानं सांगितलेलं असतं, ‘बाबा, तो घेऊच नका.’ प्रश्न रास्त आहे. कापसाच्या चुकाऱ्यातून पंधरा हजार बाजूला काढून घेतलेला फोन तीन-चार वर्षं तरी चालला पाहिजे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. दहा ते वीस हजारांतला नवा फोन घेणार असाल, तर प्रोसेसर तापण्याच्या बातम्यांवरून बेत बदलू नका. त्या बातम्या बहुतेक महागड्या फोनच्या असतात. महागडा फोन घेणार असाल, किंवा एकेकाळचा महागडा फोन सेकंडहँड घेणार असाल, तर मात्र प्रोसेसरचं नाव विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपल्याकडे फोन कशानं तापतो

थोडा हिशेब मांडू. फोनची पुढची बाजू साधारण १६ सेंटीमीटर लांब आणि साडेसात सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे १२० चौरस सेंटीमीटर. मे महिन्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. त्यातलं फोनच्या वाट्याला येतं १२ वॅट, आणि काळी काच त्यातलं बरंचसं शोषून घेते. प्रोसेसर सलग काम करत असेल तर त्याची उष्णता साधारण ३ ते ५ वॅट भरते. म्हणजे उन्हात धरलेल्या फोनला प्रोसेसरच्या दुप्पट-तिप्पट उष्णता वरूनच मिळते. प्रोसेसर कितीही थंड डोक्याचा घेतला तरी ही १२ वॅट काही कमी होत नाहीत.

दुसरी गोष्ट हवेची. फोनमध्ये पंखा नसतो. आतली उष्णता ग्राफाइटच्या पातळ पत्र्यातून, महागड्या फोनमध्ये व्हेपर चेंबरमधून (आत थोडं द्रव असलेली चपटी बंद डबी), मागच्या झाकणापर्यंत येते आणि तिथून हवेत जाते. पण उष्णता जाते ती गरमाकडून थंडाकडे. हवाच ४५ अंश असेल तर फोनला त्याहून जास्त तापल्याशिवाय उष्णता बाहेर टाकता येत नाही. यूट्यूबवरची परीक्षणं बहुतेक एसीच्या खोलीत, पंचवीस अंशांच्या आसपास होतात. तिथं ‘अजिबात तापला नाही’ म्हटलेला फोन नवतप्यात वर्धा-यवतमाळच्या रस्त्यावर तसाच वागेल असं समजू नका. ॲपल तर आयफोन ० ते ३५ अंश हवेतच वापरा असं सांगते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ३५ अंश सकाळी दहालाच ओलांडले जातात.

रोजगार हमीच्या कामावरचे मेट, म्हणजे मजुरांवर देखरेख ठेवणारे, आमच्याकडे नेहमी येतात. मजुरांची हजेरी ॲपवर, जागेवरूनच फोटो काढून लावावी लागते. एक दादा उन्हाळ्यात वैतागून आले होते, ‘कॅमेराच बंद पडते जी, फोन बदलून द्या.’ फोन मोटरसायकलच्या हँडलवरच्या होल्डरमध्ये उन्हात आलेला, वर जाड काळं रबरी कव्हर, ब्राइटनेस पूर्ण, जीपीएस चालू, आणि कामाच्या ठिकाणी नेटवर्कची एकच काडी. स्क्रीनवर सूचना होती की तापमान वाढल्यामुळे कॅमेरा बंद केला आहे. आम्ही कव्हर काढलं आणि फोन पंख्याखाली टेबलावर ठेवला. चहा होईपर्यंत कॅमेरा चालू झाला. फोन खराब नव्हताच. कव्हर बदलून ते तोच फोन घेऊन गेले.

त्या फोनवर पाच ओझी एकदम होती, आणि आपल्या लोकांच्या कामात ती नेहमीच एकदम येतात. ई-पीक पाहणीचंही तेच. शेतात उभं राहून फोटो काढायचा, जीपीएसनं जागा पकडायची, ऊन असलं की स्क्रीन दिसत नाही म्हणून ब्राइटनेस वाढवायचा, आणि टॉवर लांब. टॉवर लांब असला की फोनला जास्त जोर लावून सिग्नल फेकावा लागतो आणि त्यानंही तो तापतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. गावात ५जी येत-जात असेल तर सेटिंगमध्ये जाऊन फोन ४जीवर ठेवा. दुसऱ्या सिमला तुमच्या गावात नेटवर्कच नसेल तर ते सिम सेटिंगमधून बंद करून ठेवा. एवढ्यानंही फरक पडतो. सेटिंग सापडत नसेल तर दुकानात या, करून देतो.

फोन तापल्यावर स्क्रीन आपोआप मंद होते, फ्लॅश लागत नाही, चार्जिंग हळू होतं किंवा थांबतं, गेम अडखळतो. यातलं काहीही बिघाड समजून घाबरू नका. प्रोसेसर स्वतःला आणि बॅटरीला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो.

मग बातम्या खोट्या का?

खोट्या नाहीत. २०१५ साली क्वालकॉम कंपनीचा स्नॅपड्रॅगन ८१० हा महागड्या फोनमधला प्रोसेसर खरंच तापत होता. सॅमसंगनं त्या वर्षीच्या गॅलेक्सी एस६ मध्ये तो घेतलाच नाही, स्वतःचा एक्झिनॉस प्रोसेसर बसवला. पुढे २०२१ चा स्नॅपड्रॅगन ८८८ आणि त्यानंतरचा ८ जेन १ यांच्याही तशाच तक्रारी आल्या. ८ जेन १ सॅमसंगच्या कारखान्यात बनत होता. २०२२ मध्ये क्वालकॉमनं जवळजवळ तोच आराखडा तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडे बनवून घेतला आणि ८ प्लस जेन १ नावानं आणला. क्वालकॉमच्याच सांगण्याप्रमाणे तो एकूण सुमारे १५ टक्के कमी वीज घेत होता. म्हणून कागदावरचं ‘४ नॅनोमीटर’ (चिप किती बारीक तंत्रानं बनवली त्याचा आकडा) एवढं बघून समाधान मानू नका. हे दोन्ही ४ नॅनोमीटरचेच होते.

आयफोन १५ प्रो सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हाही तापतो म्हणून ओरड झाली. ॲपलनं सॉफ्टवेअरमधली चूक आणि काही ॲप अशी कारणं दिली आणि ऑक्टोबरमध्ये अपडेट पाठवलं. कुठलाही नवा फोन पहिले दोन-तीन दिवस गरम लागतोच, कारण आत ॲप उतरत असतात, जुने फोटो लावले जात असतात. त्या दोन दिवसांवरून फोनची परीक्षा करू नका. दुकानातून घेतल्यावर आधी सगळे अपडेट होऊ द्या.

गॅलेक्सी नोट ७ चं उदाहरण आम्हाला अजूनही ऐकवलं जातं. २०१६ मध्ये ते फोन पेटले आणि कंपनीला परत घ्यावे लागले, हे खरं. पण दोष बॅटरीत होता, प्रोसेसरचा त्यात काही संबंध नव्हता.

फोन निवडताना

पंधरा हजारांच्या आसपासच्या फोनमध्ये आज डायमेन्सिटी ६३०० किंवा स्नॅपड्रॅगन ४ जेन २ असे प्रोसेसर मिळतात. पहिला ६ नॅनोमीटरचा, दुसरा ४ चा. दोघांची ताकद बेताची, म्हणून उष्णताही बेताची. व्हॉट्सॲप, यूट्यूब, फोनपे, ॲप-हजेरी, बाजारभाव यांना ते पुरून उरतात. त्याऐवजी उन्हात स्क्रीन वाचता येते का, हे बघा. आमच्याकडे फोन दारात नेऊन, उन्हात धरून बघू देतो. स्क्रीन नीट दिसत नसेल तर तुम्ही दिवसभर ब्राइटनेस पूर्ण ठेवाल आणि तोच फोन तापवाल. रंग शक्यतो फिका घ्या, कव्हरही फिकं आणि पातळ घ्या. दिवसभर शेतात असाल तर मोठी बॅटरी जलद चार्जिंगपेक्षा जास्त कामाची, कारण तापलेल्या फोनला जलद चार्जर लावला तरी तो हळूच चार्ज होतो.

घरात कोणी तासन् तास गेम खेळणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रोसेसर खरोखर राबतो. मग फोन घेण्याआधी आमच्यासमोर पंधरा मिनिटं सलग व्हिडिओ शूट करून बघा. मागची बाजू हाताला धरवत नसेल किंवा कॅमेरा बंद पडला, तर दुसरा दाखवतो.

सेकंडहँडचं सांगायचं तर स्नॅपड्रॅगन ८१०, ८८८ आणि ८ जेन १ चे फोन आम्ही स्वतः विकायला ठेवत नाही. असे फोन सत्तर हजारांचे वीस हजारांत मिळतात म्हणून मोह होतो. पण चार-पाच उन्हाळे काढलेली बॅटरी आणि तापणारा प्रोसेसर एकत्र आले की फोन दुपारपर्यंतही पुरत नाही.

बॅटरी सांभाळा, ती आधी जाते

उष्णतेनं प्रोसेसर क्वचितच मरतो. बॅटरी मात्र दर उन्हाळ्यात थोडी थोडी मरते, आणि पूर्ण चार्ज असताना तापली तर जास्त. टिनाच्या घरात दुपारी चार्जिंगला लावू नका, पहाटे किंवा रात्री लावा. उशीखाली, गादीवर ठेवून चार्ज करू नका. चार्जिंगला लावून गेम खेळू देऊ नका. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, गाडीच्या काचेमागे फोन ठेवू नका. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवायचा प्रकार तर बंदच करा, आत पाणी धरतं. कूलरसमोरही नको, तुषार उडतात. कव्हर काढायचं, पंख्याखाली ठेवायचा, बस.

मागचं झाकण उचललेलं दिसलं, किंवा स्क्रीन एका कडेनं वर आली, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हाच फोन बंद करा, चार्जर लावू नका, दाबून बसवू नका, टाचणीनं टोचू नका. खिशातही ठेवू नका, पिशवीत वेगळा ठेवून आमच्याकडे आणा. लहान मुलांच्या हातात तो एक क्षणही देऊ नका.

दुसरीकडून जुना फोन घेत असाल तरी सौदा पक्का करण्याआधी आणून दाखवा. प्रोसेसर कोणता आणि बॅटरी कशी आहे ते बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही. एप्रिल-मे मध्ये दुकान सकाळी ८ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ९ उघडं असतं. तपासणीसाठी सकाळी या, रस्त्यानं फोन तापलेला नसतो.