जहांगीर हॉल की जहांगीर आर्ट गॅलरी?

काळा घोडा भागात भेटायचं ठरवून दोघं जण दोन वेगळ्या दारांत उभे राहतात, असं मुंबईत हमखास घडतं. ‘जहांगीरला ये’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जहांगीर आर्ट गॅलरी येते. पण जुन्या मुंबईकराच्या तोंडी अजून ‘कावसजी जहांगीर हॉल’ असतो, आणि त्या हॉलमध्ये आज राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए आहे. दोन्ही ठिकाणी चित्रं, दोन्ही महात्मा गांधी रस्त्यावर, दोन्हींमागे एकाच पारशी घराण्याची देणगी. गोंधळ न झाला तरच नवल.

हॉल आधीचा, १९११चा. पहिले सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून तो उभा राहिला आणि आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवे ऑफ इंडिया आणि समोरचं वस्तुसंग्रहालयही त्यांचंच. हा हॉल चित्रांसाठी बांधलेलाच नव्हता. लोकांनी एकत्र बसून ऐकावं यासाठी तो होता: सभा, व्याख्यानं, पाश्चात्त्य संगीताच्या मैफली. पुढे शहरात नवी नाट्यगृहं आली तसा त्याचा रुबाब उतरला. मग तिथे मुष्टियुद्धाच्या लढती झाल्या, कामगार संघटनांच्या सभा झाल्या, लग्नाचे स्वागतसमारंभ झाले, चामड्याच्या वस्तूंचे सेलही लागले. काहींना ही अवनती वाटते. मला तो या वास्तूच्या इतिहासातला सगळ्यात जिवंत भाग वाटतो, कारण भाडं परवडेल त्या प्रत्येकाला तेव्हा हे दार उघडं होतं.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ची. पहिल्या सर कावसजींचे चिरंजीव, तेही सर कावसजीच, यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ ती बांधून दिली. त्यामागे चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांचा आग्रह होता. म्हणजे हॉलला देणाऱ्याचं नाव आहे, तर गॅलरीला गमावलेल्या मुलाचं. दुर्गा बाजपेयी यांनी केलेली ही काँक्रीटची इमारत आहे. दारावर पुढे आलेलं लाटांसारखं छत आहे. फुटपाथवरून चालणारा माणूस ऊन टाळायला त्याखाली येतो आणि सहज आत शिरतो. तिकीट नाही. भारतीय चित्रकलेला सर्वसामान्य प्रेक्षक मिळाला त्यात या बिनतिकिटाच्या दाराचा वाटा फार मोठा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

खरा फरक आहे तो भिंतीवर काय लागणार हे कोण ठरवतं, यात. जहांगीरमध्ये चित्रकार स्वतः अर्ज करतो. निवड झाली तर वेटिंग वर्षानुवर्षांचं, आणि नंबर लागला की दालनाचं भाडं भरून एका आठवड्याचा शो. सोमवारी संध्याकाळी जुनी चित्रं उतरतात, मंगळवारी नवी लागलेली असतात. गावाकडून आलेला चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो, त्याला थेट विचारता येतं. एनजीएमए केंद्र सरकारचं आहे. तिथे संग्रहातली चित्रं किंवा संस्थेने मांडलेली मोठी प्रदर्शनं असतात, एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामाचा आढावा असतो. तिथे भाडं भरून शो लावता येत नाही.

हॉलचं हे रूपांतर सोपं नव्हतं. शिल्पकार पिलू पोचखानावाला आणि कलादालन चालवणारे केकू गांधी यांनी त्यासाठी पाठपुरावा केला, आणि काम पुरं व्हायला बारा वर्षं लागली. बाहेरचा दगडी घाट तसाच ठेवून आत अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढवले. १९९६ साली संग्रहालय खुलं झालं. हेच केकू गांधी १९६३पासून जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर पत्नी खुर्शीद यांच्यासह ‘केमोल्ड’ ही गॅलरी चालवत होते. खालचं दालन भाड्याने मिळायचं, वर मात्र गॅलरी स्वतः निवडलेल्या चित्रकारांच्या मागे उभी राहायची. दोन्ही इमारतींना जोडणारा माणूस शोधायचा तर तो हाच.

आता भेटायचं ठरवताना ‘छताखाली, फुटपाथवरच्या चित्रकारांजवळ’ म्हणा, म्हणजे ती आर्ट गॅलरी. दोन्ही एका दिवसात पाहायच्या असतील तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी एनजीएमए बंद असतं.