शंकरशेट, जगन्नाथ (नाना)

जन्म 10 फेब्रुवारी 1803, मृत्यू 31 जुलै 1865. मुंबईतले सराफ-व्यापारी, जस्टिस ऑफ द पीस (शहराच्या कारभारात अधिकार असलेले मानद न्यायाधीश), बोर्ड ऑफ एज्युकेशन या सरकारी शिक्षण मंडळाचे सभासद, बॉम्बे असोसिएशन या राजकीय संस्थेचे अध्यक्ष आणि मुंबई कायदे कौन्सिलवर नेमलेल्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांपैकी एक. लोक ‘नाना’ म्हणायचे, आजही म्हणतात.

घराणं दैवज्ञ, मूळ आडनाव मुरकुटे. जन्म मुरबाडचा की मुंबईचा यावर दोन मतं आहेत. मुरबाडशी घराण्याचं नातं सगळेच मान्य करतात, पण पणजोबा गणबाशेट अठराव्या शतकातच मुंबईत येऊन स्थिरावले होते (फोर्टातली गनबो स्ट्रीट त्यांच्याच नावाची असं बरेच जण धरतात), आजोबा बाबुलशेट आणि वडील शंकरशेट यांचा सगळा धंदा इथलाच, नाना चौकाजवळचं भवानीशंकराचं देऊळही वडिलांनीच बांधलेलं, त्यामुळे मुंबईच्या बाजूचं मत जास्त पटण्यासारखं आहे. मुरबाड हे मूळगाव आणि पुढे तेच जन्मगाव म्हणून चिकटलं असावं. वडील 1822 च्या सुमारास गेले आणि विशीच्या आतच पेढी नानांच्या हाती आली.

सार्वजनिक कामाची सुरुवात शाळांपासून झाली. गव्हर्नर एल्फिन्स्टन 1827 ला परत जाताना शहरातल्या लोकांनी दोन लाखांहून जास्त फंड जमवला, त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली, आणि या सगळ्यात नाना पुढे होते. 1834 च्या सुमारास हिंदी लोकांना जस्टिस ऑफ द पीस नेमायला लागले त्या पहिल्या यादीत त्यांचं नाव आहे. हे पद नुसतं मानाचं नव्हतं, शहराच्या कारभारात देशी माणसाला अधिकाराने बोलायला मिळणारी ती जवळजवळ पहिलीच जागा होती.

1840 मध्ये शाळा चालवणाऱ्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या जागी बोर्ड ऑफ एज्युकेशन आलं. अध्यक्ष सरकारी, सभासदांपैकी तीन सरकारने नेमलेले आणि तीन सोसायटीकडून आलेले देशी. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे ते तिघे, आणि खरी लढाई झाली ती 1847-48 ला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचं म्हणणं असं की वरचं शिक्षण इंग्रजीतच द्यायचं, पैसा थोडा आहे तर थोड्यांनाच नीट शिकवू, देशी भाषांत पुस्तकं आहेत कुठे? 1 मे 1847 च्या आपल्या मिनिटात (मतटिपणात) नानांनी याला लेखी विरोध केला. इंग्रजीचं महत्त्व ते नाकारत नाहीत, स्वतः इंग्रजीत लिहितात, शाळांना पैसे देतात, पण सर्वसाधारण लोकांपर्यंत उपयोगी ज्ञान पोचवायचं तर ते त्यांच्या भाषेतूनच पोचेल आणि पुस्तकं नसतील तर ती तयार करून घ्यावीत असा मुद्दा. तिन्ही देशी सभासद एका बाजूला, सोबत गणिताची पुस्तकं मराठीत आणणारे कर्नल जर्व्हिस, आणि समोर पेरी. प्रकरण सरकारकडे गेलं, 1848 मध्ये सरकारने मधला मार्ग सांगितला, प्रत्यक्षात पेरींनी बराचसा आपलाच रस्ता धरला. तरी पारशी, हिंदू, मुसलमान असे तीन शेटिये एका शैक्षणिक प्रश्नावर सरकारी अध्यक्षाविरुद्ध एकत्र उभे राहतात ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. नानांच्या कामात सगळ्यात वजनदार हेच धरायला हवं, रेल्वे त्यानंतर.

रेल्वेबद्दल ‘भारतीय रेल्वेचे जनक’ असं सर्रास लिहिलं जातं, त्यात अतिशयोक्ती आहे. लोहमार्गाची कल्पना 1843 च्या सुमारास इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांनी मांडली, 1845 च्या आसपास मुंबईत समिती झाली, तिच्यात नाना आणि जमशेटजी जीजीभाई होते, पण कंपनीचं मुख्य बोर्ड लंडनला, ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा कायदा पार्लमेंटने 1849 मध्ये केला आणि भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीची. कंपनीचं ऑफिस सुरुवातीला नानांच्या वाड्यात होतं असं चरित्रकार सांगतात. एवढं मात्र नक्की की इथल्या बड्या व्यापाऱ्यांनी पाठबळ दिलं नसतं तर मुंबई सरकारला लंडनपुढे जोर लावणं अवघड गेलं असतं. 16 एप्रिल 1853 ला दुपारी साडेतीननंतर बोरीबंदरहून 14 डब्यांची गाडी तीन इंजिनं लावून, सुमारे 400 पाहुणे घेऊन, 21 तोफांच्या सलामीत ठाण्याला निघाली, नाना त्यात होते. 34 किलोमीटरला किती वेळ लागला यावर 45 मिनिटांपासून सव्वा तासापर्यंत आकडे सापडतात, 57 मिनिटं हा जास्त प्रचलित.

26 ऑगस्ट 1852 ला बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जीजीभाई मानद अध्यक्ष, नाना अध्यक्ष, चिटणीसांत डॉ. भाऊ दाजी आणि नानांचे चिरंजीव विनायकराव. ईस्ट इंडिया कंपनीची सनद 1853 ला नव्याने ठरणार होती म्हणून लगेच पार्लमेंटला अर्ज गेला, कारभारात हिंदी लोकांना जागा द्या ही त्यातली मुख्य मागणी. 1857 च्या उठावात सामील असल्याचा नानांवरही संशय घेतला गेला, पण काही सिद्ध झालं नाही. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत (कारभार पाहणाऱ्या सभासदांत) त्यांची नेमणूक झाली, आणि 1861 च्या कायद्यानंतर कौन्सिलवर.

बाकी कामं थोडक्यात. 1849 मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या स्टुडंट्स सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा गिरगावातल्या शाळेला नानांनी जागा दिली. ग्रँट रोडचं नाट्यगृह (1846) त्यांच्या जमिनीवर, म्हणून ‘शंकरशेटची नाटकशाळा’, 1853 ला विष्णुदास भाव्यांचे खेळ तिथेच झाले. सोनापूरची स्मशानभूमी हलवायचा बेत त्यांच्या विरोधामुळे मागे पडला असं सांगतात.

नवा म्युनिसिपल कायदा 1 जुलै 1865 ला लागू झाला, ज्या दिवशी शेअरबाजारातले सौदे कोसळून शहर हादरलं त्याच दिवशी. जस्टिसांची संस्था शहराची अधिकृत पालक झाली आणि महिनाभरातच नाना गेले, त्यामुळे म्युनिसिपल कमिशनर क्रॉफर्डच्या काळातल्या भांडणांत ते नाहीत. त्यांचा संगमरवरी पुतळा टाउन हॉलमध्ये आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पुढे फार नावाजली, 1912 ला ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. मुंबई सेंट्रल स्टेशनला नानांचं नाव द्यायचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये मंजूर केला.